व्लास्ताच्या रस्त्यावरचा बांध

हळू चढा रे मुलांनो, पायरी गंजलेली आहे. वरून पिवळाधमक रंग फासलाय म्हणून कळत नाही, पण आतून मी पार खंगलोय. बसा. तुमच्यातली ती दोन वेण्यांची मुलगी काल म्हणाली, "हा खेळण्यातला ट्रॅक्टर आहे." बाळ, मी ट्रॅक्टर नाही, आणि खेळण्यातला तर मुळीच नाही. मी एक जुना ग्रेडर आहे. कच्चे रस्ते खरवडून सारखे करायचे, हे माझं काम होतं. माझ्या पोटाखाली हे लांब पातं दिसतंय ना, ज्याच्यापुढे जांभळी फुलं लावली आहेत, त्या पात्याने मी या मुलखातला एकूण एक रस्ता नीट केला. आता तुमच्या वसाहतीच्या फाटकाशी मला शोभेसाठी उभं केलंय. मित्रांनो, शोभा म्हणजे काय, हे मला या वयात कळलं. ज्याचं काम काढून घेतलं, त्याला शोभा म्हणतात.

माझा जन्म इलिनॉयमधल्या एका कारखान्यात झाला. आधी भट्टी, मग घण, मग रंग. नंतर मला मालगाडीवर बांधून टेक्सासला आणलं. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाराने, मला विकत घेतलं आणि लिप्का नावाच्या खेड्याकडे धाडलं. ते खेडं इथेच होतं, तुमच्या घरांच्या जागी. लिप्काची माणसं पणजोबांच्या काळात युरोपातल्या बोहेमियाहून आलेली. घरात चेक बोलायची, शेतात कापूस आणि मका पिकवायची, आणि शनिवारी लाकडी हॉलमध्ये अशी पोल्का नाचायची की फळ्यांची धूळ माझ्या छपरापर्यंत यायची.

इथली काळी माती मोठी खट्याळ. सुकली की भेगा पडतात, कोंबडीचं पिल्लू सहज आत जाईल. भिजली की बूट पायात राहत नाही. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यात असा रुतलो की मला काढायला सगळा गाव आला. माझा चालक रेमंड ह्लाविन्का खाली उतरला, तोंडातली काडी या गालातून त्या गालात फिरवली आणि मला म्हणाला, "काय राव, एवढं धूड आणि पहिल्याच घासाला ठसका?" लोक खो खो हसले. मला फार लाज वाटली. पण त्या दिवसापासून मी रेमंडचा झालो.

रेमंडला घाई माहीत नव्हती. पाऊस पडून गेला की तो वाफशाची वाट बघायचा. माती ना ओली ना कोरडी, अशा वेळी तो माझं पातं तिरकं लावायचा आणि रस्त्याला मधोमध उंची देऊन कडेला उतार काढायचा. मग वर पांढरा मुरूम. म्हणायचा, "पाण्याला त्याची वाट काढून द्या, मग ते तुमच्या वाटेला जाणार नाही." समोरून गाडी आली की आतला माणूस स्टीअरिंगवरचं एकच बोट उचलायचा. इथला रामराम तसाच. रेमंडही बोट उचलायचा. तो रामराम निम्मा माझ्यासाठी आहे, असं मी धरून चालायचो.

सगळ्यात शेवटचा रस्ता व्लास्ता कुबेनाचा. ओढ्यावरच्या फरशी पुलापलीकडे तिचं एकच घर होतं, पांढरं, पुढे पेकानचं झाड, अक्रोडासारखी फळं येणारं. सगळा गाव तिला तेता म्हणायचा. तेता म्हणजे आत्या. तिला सख्खा भाचा एकही नव्हता, पण ती सगळ्यांची आत्या. तिथे पोचलो की ती फडक्याखाली झाकलेले कोलाचे घेऊन यायची, म्हणजे खसखशीचं सारण घातलेले गरम गोड पाव. एक रेमंडच्या हातात, आणि एक माझ्या बैठकीवर.

"अगं तेता, लोखंडाला कशाला?" रेमंड म्हणायचा.

"राबतो की तो. तू नुसता बसून असतोस."

आतून तिचा नवरा एमिल ओरडायचा, "मला ठेवलायस ना एखादा, की सगळे त्या यंत्रालाच?" एमिल तसा अबोल माणूस. एवढं एक वाक्य मात्र तो दर वेळी बोलायचा. माझा कोलाचा अर्थातच रेमंड खायचा. पण ठेवलेला असायचा माझ्यासाठी. एवढं कौतुक पुढे मला कधी मिळालं नाही.

मित्रांनो, आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. लिप्काच्या विहिरी खारट होऊ लागल्या तेव्हा शहराने हात वर केले आणि काउंटीने कानावर. मग गावाने आपलं पाणीपुरवठा मंडळ काढलं. कायद्याने तसं करता येत होतं. माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः चर खणले, मी त्यांवर माती ओढली, टेकाडावर टाकी उभी राहिली. पहिल्यांदा नळाला गोड पाणी आलं तेव्हा एमिलने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं आणि नळाखाली तसाच वाकून राहिला.

मंडळावर पाच जण निवडून द्यायचे. उभं राहायला आणि मत द्यायला त्या दिवशी इथे राहत असलं की झालं. पण निवडणूक ती कसली! हॉलमधल्या एका कोपऱ्यात मतपेटी आणि बाकीच्या हॉलमध्ये डॉमिनोचे डाव. डेल्बर्ट ओर्साक हा अध्यक्ष, तोच कायम राहायचा. जाडजूड, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जे होते तेच परत येणार हे ठाऊक असल्यामुळे मत द्यायला चार-दोनच माणसं जायची. आपलंच मंडळ, आपलीच माणसं, कशाला उठायचं डाव सोडून?

पुढे काउंटीच्या कचेरीत नवी माणसं आली. त्यांना शहराकडचे डांबरी रस्ते प्यारे. लिप्काकडे त्यांनी कानाडोळा केला. मला डिझेल मिळेना. मी पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून गंजू लागलो, आणि बाहेर माझे रस्ते खचू लागले. उतार गेले, चर बुजले, मुरूम वाहून गेला. रेमंड रोज येऊन माझ्या पात्यावर हात फिरवून जायचा.

मग तो पावसाळी मंगळवार आला. एमिलच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका आली, पण ओढ्याच्या अलीकडेच चिखलात चाकं रुतली. रेमंड, डेल्बर्ट आणि आणखी दोघे धावले. त्यांनी धान्याच्या कोठाराचं दार उचकटलं, एमिलला त्यावर निजवलं आणि गुडघाभर चिखलातून आणायला लागले. फरशी पुलापर्यंत आणलं. तिथे तेता म्हणाली, "थांबा रे. आता सावकाश चला. आता घाई नाही." तिने एमिलचे डोळे मिटले होते.

मी शेडमध्ये होतो. माझ्यात डिझेल असतं आणि आठवडाभर आधी मला त्या रस्त्यावर एक फेरी मिळाली असती, तर रुग्णवाहिका दारापर्यंत गेली असती. हे रेमंडला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

तेता रडत बसली नाही. हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, "पाणी आपण आणलं. मग रस्ता दुसऱ्याच्या हातात का? त्या काउंटीच्या पाया पडून पडून माझा नवरा गेला. पाणी मंडळालाच रस्त्यांचा अधिकार मागू या."

"तेता, त्यासाठी ऑस्टिनला विधिमंडळात जावं लागेल," डेल्बर्ट म्हणाला.

"मग जाऊ. ऑस्टिन काय चंद्रावर आहे?"

ती गेली. एकदा नाही, कितीतरी वेळा गेली. चर्चला जायचे बूट घालून आणि कोलाचे बांधून. तिथल्या मोठमोठ्या खुर्च्यांपुढे तिने एमिलच्या दाराची गोष्ट सांगितली. आणि मित्रांनो, कायदा झाला! लिप्काच्या पाणी मंडळाला गावातल्या रस्त्यांचा अधिकार मिळाला. काउंटीने रस्ते सोडले, आणि भंगारात जाणारा मीही त्यांच्याबरोबर मंडळाकडे आलो.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये नाच होता. मला दाराशी आणून उभं केलं होतं, म्हणून सगळं ऐकू आलं. मंडळाचा वकील सांगत होता, "काउंटीला जे जे करता येत होतं, ते आता मंडळाला करता येईल. रस्ता बांधणं, दुरुस्त करणं, रुंद करणं, बंद करणं."

"बंद?" रेमंडने काडी तोंडातून काढली. "ते कशाला हवंय?"

"अरे, आपलाच रस्ता आपण कशाला बंद करू?" डेल्बर्ट म्हणाला. "खुळा आहेस काय? चल, पेला भर."

सगळे हसले. तेताही हसली. एमिल गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून रेमंडने विषय वाढवला नाही.

दुसऱ्या सकाळी वाफसा होता. आम्ही आधी तेताच्याच रस्त्यावर गेलो. पातं मातीला लागलं तेव्हा मी थरथरलो, एवढा आनंद झाला. तिने माझ्या बैठकीवर कोलाचा ठेवला. ती काही वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं होती. शाळेची बस ओढ्यापर्यंत यायची, डाकवाला तेताच्या दारात उतरायचा, आणि बोटं उचललेली दिसायची.

दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात ना, ते असं. शहर पसरत पसरत आमच्या शिवेवर आलं. वेड लॅम्किन नावाच्या एका बिल्डरने तेताच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं विकत घेतली. माणूस गोड बोलणारा, टोपी काढून नमस्कार करणारा. त्याने टाकीजवळच्या माळावर पाच फिरती, चाकांवरची घरं आणून ठेवली. त्यांत त्याची माणसं राहायला आली. म्हणजे म्हणायला राहायला. पडदे लावले, कुत्रं बांधलं, बोट उचलायलाही शिकली. रेमंड म्हणाला, "यांच्या दोरीवर कधी कपडे वाळताना दिसत नाहीत. हे धुतात कुठे?" डेल्बर्ट म्हणाला, "तुला दुसऱ्याच्या चड्ड्या मोजायचा नाद कधीपासून लागला?"

मेमध्ये मंडळाची निवडणूक आली. या वेळी हॉलच्या दारावर पाच नवीन नावं लागली. सगळी त्या फिरत्या घरांतली. तेता ती वाचून तडक डेल्बर्टकडे गेली. तो माझ्या शेडशेजारीच कढई घासत होता, कारण त्याच शनिवारी शेजारच्या गावच्या चर्चची जत्रा होती आणि तिथला रस्सा दर वर्षी लिप्काची माणसं रांधायची.

"डेल्बर्ट, मला हे लक्षण बरं दिसत नाही. शनिवारी आधी सगळ्यांना मत द्यायला लाव, मग जा जत्रेला."

"तेता, त्यांना इथे ओळखतो कोण? त्यांना मत देणार कोण?"

"ते स्वतःच देतील की!"

"देऊ दे दहा जणांना. आपला अख्खा गाव आहे."

"गाव आहे रे, पण हॉलमध्ये येतो का?"

"पहाटे चूल नाही पेटवली तर दुपारी हजार माणूस उपाशी राहील, तेता. पन्नास वर्षांचा नेम आहे. आम्ही येतो संध्याकाळपर्यंत. तू नको काळजी करू."

ते आले नाहीत. रस्सा चांगला झाला, बँड चांगला वाजला, आणि लिप्काचा गाव मतपेटी बंद झाल्यावर गात गात परतला. दिवसभर हॉलमध्ये तेता आणि रेमंड बसून होते. त्या दोघांची मतं पडली, दोन म्हाताऱ्यांची पडली, आणि फिरत्या घरांतल्या दहाजणांची पडली. आयत्या बिळावर नागोबा येतो हे खरं, पण बीळ उघडं टाकून आपण रस्सा ढवळायला गेलो होतो, त्याचं काय?

महिन्याभरात ती फिरती घरं जशी आली तशी निघून गेली. वाळत घातलेला एक कपडाही मागे राहिला नाही. नव्या मंडळाची सभा आता हॉलमध्ये भरत नव्हती, ती शहरात काचेच्या इमारतीत भरायची. तिथे ठरलं की तेताचा रस्ता नव्या वसाहतीच्या मधोमध येतो, तो बंद करायचा. तिला वसाहतीतून दुसरी वाट देऊ, डांबरी, वळणावळणाची.

तेता तिथे गेली. परत आल्यावर शेडमध्ये माझ्या पायरीवरच बसली आणि रेमंडला सांगू लागली. "मी म्हटलं, हा रस्ता माझ्या सासऱ्याने बैलांनी काढलाय. माझा नवरा या रस्त्यावर गेला. तर तो लॅम्किन उभा राहिला. टोपी काढली बघ. म्हणाला, 'पण बाई, मंडळाला हा अधिकार द्या म्हणून ऑस्टिनला तर तुम्हीच गेला होतात ना?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? मीच गेले होते." मग तिने तोंडाला पदरासारखा आपला रुमाल लावला. "केसाने गळा कापला रे. आणि केसही माझाच."

दोन दिवसांनी रेमंडला हुकूम आला. ओढ्याच्या अलीकडे रस्त्यावर मातीचा बांध घाल. रेमंडने माझी किल्ली काढली, नव्या साहेबाच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "तीस वर्षं हा रस्ता उघडा ठेवला. बंद करायला दुसरा कुणी बघा." जाताना त्याने माझ्याकडे मान वळवून पाहिलं नाही. मला ते समजलं.

दुसरा चालक मिळाला. मिळतोच. त्याला लिप्का ठाऊक नव्हतं, तेता ठाऊक नव्हती. त्याने मला सुरू केलं. मी धूर टाकला, खाकरलो, बंद पडून पाहिलं. पण लोखंडाला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. हात ज्याचा, पातं त्याचं. ज्या रस्त्याला मी उंची दिली, ज्याचे उतार मी काढले, त्याचाच मुरूम मी खरवडला, रेटत रेटत नेला आणि त्याचाच ढीग त्याच्या छातीवर घातला. ओढ्यापलीकडे तेता पेकानच्या झाडाखाली उभी होती. तिच्या हातात फडकं नव्हतं.

वसाहत उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात धो धो पाऊस झाला. वसाहतीचे सगळे डांबरी रस्ते आणि सगळी छपरं आपलं पाणी ओढ्यात ओतू लागली. त्या नव्या वळणावळणाच्या वाटेला रेमंडसारखं कुणी पाण्याची वाट काढून दिली नव्हती. ती बुडाली. त्याच दुपारी तेता ओल्या पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. कसाबसा तिने फोन केला. रुग्णवाहिका सवयीने जुन्या रस्त्याने आली आणि माझ्या बांधाला येऊन थांबली.

रेमंड आणि डेल्बर्ट, दोघेही आता म्हातारे, धापा टाकत आले. पुन्हा कोठाराचं दार निघालं. मी बांधाजवळच उभा होतो, त्यामुळे या वेळी सगळं पाहिलं. पाण्यातून त्यांनी तिला आणलं, पण बांधाच्या चढावर डेल्बर्टचा पाय घसरला आणि तो चिखलात गुडघ्यावर बसला. दार त्याने सोडलं नाही. तसाच हमसून हमसून रडू लागला.

"तेता, त्या दिवशी मी रस्सा ढवळत होतो गं. नुसता रस्सा."

"ऊठ रे," ती कण्हत म्हणाली. "दार वाकडं होतंय."

ती जगली. पण घरी परत आली नाही. तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. घर रिकामं राहिलं, मग विकलं गेलं, मग पाडलं गेलं, आणि हळूहळू बाकीचं लिप्काही तसंच गेलं. पेकानचं झाड तेवढं ठेवलं आहे, तुमचा पोहण्याचा तलाव त्याच्याच सावलीत आहे. मंडळाची टाकी अजून उभी आहे, तिच्यावर आता लिप्काऐवजी वसाहतीचं नाव आहे. माझं इंजिन काढून घेतलं, मला रंग दिला आणि फुलं लावली.

मागच्या वसंतात, एका रविवारी, रेमंडची जुनी गाडी फाटकाशी थांबली. शेजारच्या बैठकीवर तेता होती. एवढीशी झालेली. पहारेकऱ्याने वाकून विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

"घरी," ती म्हणाली.

"घर नंबर?"

तिला नंबर नव्हताच. त्या रस्त्यावर एकच घर होतं, नंबर कशाला लागतो? पहारेकरी चांगला होता बिचारा, पण त्याला तसं सोडता येत नव्हतं. रेमंडने गाडी वळवली आणि माझ्यापाशी थांबवली. तिला आधार देऊन उतरवलं. तिने माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"याला कुणी रे अशी फुलं लावली? मेला वाटतो."

मग तिने पिशवीत हात घातला. वृद्धाश्रमात चूल कुठली? दुकानातला कोलाचा होता, कागदात गुंडाळलेला. तिचा हात माझ्या बैठकीपर्यंत पोचेना, म्हणून रेमंडने तो ठेवला. "राबला बिचारा," ती म्हणाली, आणि ते दोघे गेले. तो कोलाचा या वेळी रेमंडने खाल्ला नाही. मुंग्यांनी खाल्ला. त्यानंतर ती आली नाही. रेमंड एकटा आला होता एकदा, काळा कोट घालून, तिला माती देऊन परतताना. गाडीतून उतरला नाही. फक्त स्टीअरिंगवरचं बोट उचललं.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी सगळ्यांना सांगतात, आम्हाला तेल द्या, आम्हाला जपा. मला तेल नको. इंजिनच नाही तर तेल कुठे घालाल? माझं मागणं वेगळं आहे. हातात आलेला अधिकार विहिरीसारखा असतो. खणला म्हणून झालं नाही, रोज कुणीतरी जाऊन डोकवावं लागतं. तुमच्या मंडळाची निवडणूक येत्या मेमध्ये आहे. त्या शनिवारी तलावावर मेजवानी आहे, हे मी फाटकावरच्या फलकावर वाचलं. तुमच्या आईबाबांना सांगा, आधी मत द्या, मग जेवा. ते हसतील. डेल्बर्टही हसला होता.

आता उतरा, तुमच्या आया हाका मारताहेत. आणि त्या हिरवळीच्या टेकाडावर रोज घसरगुंडी खेळता ना, ते टेकाड नाही. तो बांध आहे, मी घातलेला. खेळा, पण चेंडू पलीकडे गेला तर आणायला जाऊ नका. पलीकडे ओढा आहे, आणि इथून तिकडे जायला रस्ता नाही.